आरोग्य व दंतोपचार संरक्षण (महाराष्ट्र)

आजारपणाचा खर्च एकट्या कुटुंबाच्या अंगावर पडू नये म्हणून शासन, धर्मादाय रुग्णालये आणि विमा कंपन्या यांच्यामार्फत उभी राहिलेली व्यवस्था. तिचा कणा म्हणजे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर पोहोचली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. आरंभी पिवळ्या व केशरी रेशनकार्डावरच्या कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळत. २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. २०२३ च्या निर्णयाने मर्यादा पाच लाखांवर गेली आणि पांढऱ्या रेशनकार्डाची घरेही आत आली.

योजनेची खरी गाठ पडते ती रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलाशी. तो रेशनकार्ड आणि आधार पडताळतो, मग डॉक्टरांचे कागद पूर्वमंजुरीसाठी पाठवले जातात. अडते ते बहुधा इथेच: सुनेचे नाव कार्डावर चढवलेलेच नसते, किंवा आधारवर ‘सुमन’ आणि कार्डावर ‘सुमनबाई’ असते. नाव चढवून घेण्याचे काम घरात सगळे धडधाकट असतानाच करावे. रुग्ण खाटेवर असताना तहसीलच्या फेऱ्या मारणे फार जिवावर येते.

धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. अनेक मोठी, चकचकीत रुग्णालयेही यात मोडतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिथे गेल्यावर वैद्यकीय समाजसेवकाला गाठावे.

खासगी बाजूला ‘मेडिक्लेम’ १९८६ पासून आहे. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ (विमा घेतल्यावर ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो) २०२४ मध्ये जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला गेला आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी उठला. तरी उतारवयात हप्ता झेपत नाही, ही तक्रार खरीच आहे. शेजारच्या गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना (२०१६) उत्पन्नाची अट न घालता पाच वर्षे राहिलेल्या रहिवाशांना संरक्षण देते.

दातांची गोष्ट वेगळी आहे. बहुतेक संरक्षण दाखल होण्याशी बांधलेले, आणि दात दाखवायला कोणी दाखल होत नाही. अपघातात जबडा मोडला किंवा तंबाखू-मिश्रीने तोंडाचा कर्करोग झाला तर उपचार योजनेत बसतात. किडलेली दाढ भरणे, रूट कॅनाल, कवळी हे खिशातून. ज्या तोंडात वेळीच डोकावले तर रोग लवकर सापडेल, तेच तपासायला पैसे मिळत नाहीत, ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव आहे.

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगाराला कामगार विमा योजनेतून दंतोपचार मिळू शकतात. बाकीच्यांना आधार दंत महाविद्यालयांचा: मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय आणि मुंबई सेंट्रलचे नायर, तसेच नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय. केसपेपर काढायचा, रांगेत बसायचे. शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने अगदी थोडा, पण रूट कॅनालला अनेकदा तीन-चार खेपा पडतात. रोजंदारीवरच्या माणसाचा दर खेपेला खाडा होतो, म्हणून वाचू शकणारी दाढही तो काढूनच टाकायला सांगतो.