शोलाकिळी खिंड का ओलांडत नाही?

‘नवा पक्षी सापडला’ अशी बातमी आली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. कुणीतरी घनदाट जंगलात शिरलं, आजवर कुणीही न पाहिलेला पक्षी अचानक समोर आला, त्याचा फोटो निघाला आणि त्याला नाव मिळालं. २०१७ साली जाहीर झालेल्या अशांबू शोलाकिळीच्या बाबतीत यातलं काहीच घडलं नाही. हा पक्षी लोकांनी पाहिलेला होता, त्याचं गाणं ऐकलेलं होतं, पक्ष्यांच्या पुस्तकांतही तो होता. फक्त तो भलत्याच्या नावावर जमा होता. तमिळनाडूतल्या पळणीच्या डोंगरांत आणि त्यांच्या आसपास राहणाऱ्या पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीचाच तो एक भाग, असं सगळे धरून चालले होते. व्ही. व्ही. रॉबिन, सुषमा रेड्डी, उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए, पिसांचे रंग, शरीराची मापं आणि गाणी ताडून पाहिली, तेव्हा ही वेगळी जात आहे हे स्पष्ट झालं. इतकंच नव्हे, तर सगळ्याच शोलाकिळ्या इतक्या वेगळ्या निघाल्या की त्यांच्यासाठी ‘शोलिकोला’ ही नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा नवा गट (जीनस), करावी लागली.

शोलाकिळी जेमतेम १५ सेंटीमीटरची. अंगावर पाटीसारखा गडद निळा रंग, डोळ्यांवर फिकट भुवई, पोटाकडे पांढुरकी. शोला म्हणजे दक्षिण सह्याद्रीच्या माथ्यावर, डोंगरांच्या वळ्यांमध्ये वाढणारं सदाहरित बुटकं जंगल. वाकडीतिकडी खोडं, त्यांवर शेवाळ आणि आमऱ्या, आणि जंगलाची कड संपली की लगेच गवताळ माळ. या जंगलाच्या तळाशी, ओढ्याकाठच्या ओल्या अंधारात ही चिमुकली निळी किळी कीटक टिपत फिरते. पहाटे आणि सांजवेळी तिची शीळ स्वच्छ ऐकू येते, पण ती स्वतः दिसेलच असं नाही.

अशांबू टेकड्या म्हणजे सह्याद्रीचं अगदी दक्षिणेकडचं टोक, केरळ आणि तमिळनाडूच्या सीमेवर. सर्वांत उंच शिखर अगस्त्यमलै, १,८६८ मीटर. या टेकड्यांच्या माथ्याकडच्या शोलांमध्येच हा पक्षी राहतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. टेकड्यांच्या उत्तरेला शेनकोट्टा खिंड आहे, सात-आठ किलोमीटर रुंद. खिंडीपलीकडे पुन्हा डोंगर, पुन्हा शोला, आणि तिथे शोलाकिळीची दुसरी जात.

सात-आठ किलोमीटर! अमूर ससाणा सायबेरियाकडून निघून नागालँडमार्गे थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत जातो. पट्टकदंब हिमालय ओलांडून आपल्याकडच्या जलाशयांवर हिवाळा काढायला येतो. पंख असलेला प्राणी हवा तिथे जाऊ शकतो, हे आपण शाळेपासून मनात धरून बसलेलो असतो. मग या किळीला पलीकडचा डोंगर समोर दिसत असताना तिकडे जायला काय अडचण आहे?

याचं मला सर्वांत आवडणारं उत्तर १९६७ सालचं आहे. अमेरिकन परिस्थितिकीतज्ज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी एका निबंधात असं मांडलं की उष्ण कटिबंधातल्या खिंडी, मीटरमध्ये तेवढ्याच असल्या तरी, प्राण्यांसाठी जास्त खोल आणि डोंगर जास्त उंच असतात. पहिल्यांदा वाचताना हे विधान चमत्कारिक वाटतं, म्हणून आकडे घेऊन बघू.

उंची वाढते तसं तापमान उतरतं, साधारण दर किलोमीटरला साडेसहा अंश सेल्सिअस. श्रीनगरला जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास आणि जुलैचं चोवीस अंशांच्या आसपास असतं. म्हणजे तिथे राहणारा प्राणी एका जागी बसून वर्षभरात वीस अंशांहून मोठा फरक सोसतो. त्याच्या डोंगराचा माथा दरीपेक्षा आठ अंशांनी थंड असला तरी उन्हाळ्यातला माथा आणि वसंतातली दरी यांचं तापमान कुठेतरी सारखं होतंच. त्याला दरी परकी नसते. योग्य महिना निवडला की ती ओलांडता येते.

आता कोडाइकॅनॉल घ्या. तिथे सर्वांत थंड आणि सर्वांत उबदार महिन्यांच्या सरासरीत पाच-सहा अंशांच्या आतलाच फरक. माथा वर्षभर गार, दरी वर्षभर गरम. पालघाट ही सह्याद्रीतली सर्वांत रुंद खिंड, शेनकोट्टाच्या बरीच उत्तरेला; तिच्या पलीकडे निलगिरी आणि तिथली वेगळी शोलाकिळी. या खिंडीचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे १४० मीटरवर आणि शोलांची सुरुवात ढोबळमानाने १,४०० मीटरवर धरली, तर मधला फरक १,२६० मीटरचा, म्हणजे आठ अंशांच्या वर. वर्षभरात माथ्यावर जेवढा चढउतार होतो त्यापेक्षा हा जास्त. त्यामुळे माथ्यावरच्या पक्ष्याला ज्या हवामानाची सवय आहे ते खिंडीत कोणत्याच महिन्यात मिळत नाही. लाखो पिढ्या एका अरुंद पट्ट्यात काढलेल्या जीवाला त्या पट्ट्याबाहेरचं काही झेपायची गरजच पडलेली नसते. अडथळा मीटरमध्ये तोच राहतो, पण तो ओलांडायला कुठलाही ऋतू मदतीला येत नाही.

इथे एक दुरुस्ती जोडायला हवी, कारण जॅन्झनचा विचार पक्ष्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. पक्षी उष्णरक्ती असतात. पेरूमध्ये अँडीजच्या उतारावर शेकडो जातींच्या पक्ष्यांचा विश्रांतीतला चयापचय मोजला गेला, आणि उंचावरचे आणि खालचे पक्षी यांच्यात अपेक्षित असा ठळक फरक सापडला नाही. तेव्हा खिंडीतल्या उन्हानं शोलाकिळी कोसळते, असं म्हणता येणार नाही. तापमान तिच्यापर्यंत पोचतं ते बहुधा आडवाटेनं: खाली झाडं वेगळी, कीटक वेगळे, आणि तिथे आधीपासून ठाण मांडलेले स्पर्धक वेगळे.

दुसरी गोष्ट पंखांची. सगळे पंख सारखे नसतात. दूर उडणाऱ्यांचे पंख लांब आणि टोकदार, झुडपांत वावरणाऱ्यांचे आखूड आणि गोलसर. जगभरातल्या दहा हजारांहून अधिक जातींच्या पंखांची मापं २०२० साली एकत्र मांडली गेली, तेव्हा विषुववृत्ताकडच्या प्रदेशांत दूर न जाणारे पंख अधिक असल्याचं दिसलं. यावरचा सर्वांत बोलका प्रयोग पनामातला. कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवल्यावर गाटुन सरोवर तयार झालं आणि टेकड्यांचे माथे बेटं झाले. संशोधकांनी जंगलातले पक्षी पकडून होडीतून सरोवरात नेले आणि किनाऱ्यापासून १०० मीटर, २०० मीटर अशा अंतरांवर सोडले. काही जाती सहज किनाऱ्याला लागल्या. काहींना १०० मीटरसुद्धा जमले नाहीत; ते पाण्यात उतरले आणि होडीतल्यांनी त्यांना उचलून घेतलं. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ते पंखवाले, धडधाकट पक्षी होते, आणि तरीही शंभर मीटर उघडं पाणी त्यांना पार करता आलं नाही.

मग मुळात शोलाकिळी खिंडीच्या दोन्ही बाजूंना पोचली कशी? पालघाटची खिंड या पक्ष्यांच्या पूर्वजांपेक्षा कितीतरी जुनी आहे. म्हणजे खिंड पडली आणि पक्षी दुभंगले, असं घडलेलं नाही. पूर्वज कधीतरी पलीकडे गेले आणि मग वाट बंद झाली. झटकन सुचणारं उत्तर हिमयुगाचं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी उष्ण कटिबंधातले डोंगरही आजच्यापेक्षा पाचएक अंशांनी थंड होते. साडेसहाच्या हिशेबानं थंड पट्टा साडेसातशे मीटर खाली सरकतो, १,४०० वरून साडेसहाशेवर. १४० मीटरचा तळ तरीही दूरच राहतो. शिवाय तो काळ कोरडाही होता. निलगिरीतल्या दलदलींत साचलेल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, थरांमधल्या कार्बनच्या समस्थानिकांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून दिसतं की तेव्हा तिथे जंगल नव्हे, गवत पसरलं होतं. थंडी खाली उतरली, पण शोला तिच्याबरोबर उतरल्या नाहीत. तेव्हा वाट उघडली असेल ती याहून जुन्या, दमट काळात.

किती जुन्या, ते डीएनए सांगतो. एकाच पोथीच्या दोन नकला निघाल्या, त्यांच्या पुन्हा नकला होत गेल्या, तर दोन्ही परंपरांत वेगवेगळ्या चुका साठत जातात, आणि चुका मोजून फारकत केव्हा झाली याचा अंदाज बांधता येतो. मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम बी या जनुकात पक्ष्यांच्या दोन शाखांमध्ये दर दहा लाख वर्षांना साधारण दोन टक्के फरक पडतो, असा ढोबळ नियम आहे. तो सगळीकडे सारखा चालत नाही, आणि मायटोकॉन्ड्रियाचा वारसा फक्त आईकडून येतो, म्हणून पेशीकेंद्रातली जनुकंही सोबत तपासतात. शोलाकिळीत सर्वांत खोल फरक पालघाटच्या दोन बाजूंना सापडला, शेनकोट्टाचा त्याहून उथळ. रुंद खिंडीला जुनी फारकत, अरुंद खिंडीला नंतरची. हिशेब लाखो वर्षांचा आहे.

एका पक्ष्यावरून कुणी म्हणेल, योगायोग असेल. पण याच डोंगरांत चिलप्पन नावाचे पक्षी आहेत, हसऱ्या कस्तुरांच्या कुळातले. शोलाकिळी माशीमारांच्या कुळातली. दोघांचं नातं दूरचं. चिलप्पनचीही त्याच शोधनिबंधात ‘मॉन्टेसिंक्ला’ ही नवी प्रजाती झाली, आणि तिच्यातही निलगिरी, पळणी, अशांबू अशा वेगवेगळ्या जाती. वायनाडमधल्या बाणासुर डोंगराची चौथी. दोन असंबंधित घराण्यांच्या वाटण्या त्याच खिंडींवर झालेल्या. निसर्गानं एकच प्रयोग दोनदा करून दाखवावा, असं क्वचितच मिळतं. पळणीच्या चिलप्पनच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ आहे. अहमदनगर भागात राहून पक्षी गोळा करणारे अमेरिकन मिशनरी सॅम्युअल फेअरबँक यांच्यावरून ते एकोणिसाव्या शतकात दिलं गेलं.

पक्ष्यांकडून भविष्य ऐकायची आपल्याला भारी हौस. कावळ्यानं घरटं कुठल्या फांदीवर बांधलं, टिटवीनं अंडी किती उंचावर घातली, यावरून पावसाची भाकितं दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येतात, आणि पुढे ती खरी ठरली का हे कुणी तपासत नाही. पक्षी हवामानाबद्दल सांगतात हे मात्र खरं आहे. त्यासाठी वर्षानुवर्षं मोजत राहावं लागतं. पेरूतल्या पांतियाकोया डोंगरावर १९८५ साली पक्ष्यांची पद्धतशीर नोंद झाली होती. २०१७ साली तीच वाट पुन्हा चालून नोंदी घेतल्या गेल्या. पक्षी एकंदरीत वर सरकलेले आढळले, आणि माथ्याजवळ राहणाऱ्या काही जाती सापडल्याच नाहीत. त्यांना आणखी वर जायला डोंगर शिल्लक नव्हता.

हाच हिशेब अशांबूला लावता येतो. एक अंश तापमानवाढ म्हणजे साधारण दीडशे मीटर वर. १,४०० ते १,८६८ या पट्ट्यात असे तीनच टप्पे बसतात, आणि शिखराकडे जाताना डोंगर निमुळता होत असल्यानं प्रत्येक टप्प्याला जमीन आधीच्यापेक्षा पुष्कळ कमी. हा हिशेब अर्थात ढोबळ आहे. शोलाकिळी थोडी खालीही आढळते, ओढ्यांची घळ माथ्याइतकीच गार राहू शकते, आणि ढगांची रेषा कशी सरकते यावरही बरंच काही ठरेल. इथलं बरंचसं जंगल कळक्काड-मुंडनतुरै व्याघ्र प्रकल्प आणि केरळातल्या अभयारण्यांमुळे राखलेलं आहे, ही मोठी जमेची बाजू. पण व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीनं तापमान अडत नाही.

याहून उंच डोंगर आहेत. आनैमुडी २,६९५ मीटरचा आहे, पण तो शेनकोट्टा खिंडीच्या उत्तरेला. समजा उद्या माणसांनीच अशांबूच्या किळ्या पिंजऱ्यात घालून तिकडे नेल्या, तर त्या शोलांमध्ये पांढऱ्या पोटाची शोलाकिळी आधीपासून आहे. तेच ओढे, तेच कीटक, जवळजवळ तसंच गाणं. दोघींत झुंज झाली तर एक हटेल, आणि जोड्या जमल्या तर संकर होऊन २०१७ साली वेगळी ओळखलेली जात त्यात विरघळून जाईल.