पंख बसले, दांडे राहिले

ग्लायडर हे मोडून पुन्हा जोडण्यासाठीच बनवलेले बिनइंजिनाचे विमान आहे. प्रवासी विमानाचा पंख उतरवायचा तर मोठे हँगर आणि कुशल माणसांचा ताफा लागतो. ग्लायडरचे पंख मात्र दोन-तीन माणसे धावपट्टीच्या कडेला गवतात उभी राहून काढतात, लांबलचक ट्रेलरमध्ये सरकवतात आणि गाडीमागे ओढत घरी नेतात. पुढच्या रविवारी पुन्हा जोडणी. जोडणीनंतर प्रत्येक सांधा बसला की नाही हे तपासण्याचा सगळा आग्रह या सोयीतूनच आला आहे.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. ओटो लिलिएन्थाल १८९० च्या दशकात जर्मनीत टेकडीवरून झेपावत, तेव्हा त्यांचा कंट्रोल म्हणजे त्यांचे शरीर. लोंबणारे पाय ज्या बाजूला झोकावेत, त्या बाजूला यंत्र झुके. ऑगस्ट १८९६ मध्ये ग्लायडर कोसळून ते गेले, पण त्यात काही जोडायचे राहून गेले असे घडणे शक्यच नव्हते. राइट बंधूंच्या १९०२ च्या ग्लायडरला तिन्ही अक्षांवर नियंत्रण मिळाले: नाक वर-खाली करणे, नाक डावी-उजवीकडे वळवणे आणि पंख एका बाजूला झुकवणे. त्यासाठी वैमानिक आणि पंख यांच्या मध्ये तारा आल्या, आणि मध्ये आलेली गोष्ट सुटू शकते.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनवाल्या विमानांवर कडक बंधने घातली. तिथली उडायची हौस मग बिनइंजिनाच्या विमानांकडे वळली. १९२० मध्ये ऑस्कर उर्सिनुस यांच्या पुढाकाराने ऱ्होन पर्वतातल्या वासरकुप्पे डोंगरावर पहिली स्पर्धा भरली. सुरुवातीची उड्डाणे उतारावरून खाली येण्याइतकीच होती, पण १९२२ मध्ये आर्थर मार्टेन्स यांचे ‘व्हॅम्पायर’ एक तासाहून अधिक वेळ हवेत राहिले. जुलै १९३५ मध्ये तर चार वैमानिक वासरकुप्पेहून निघून थेट चेकोस्लोव्हाकियातल्या ब्र्नोला, म्हणजे ५०० किलोमीटरवर, उतरले. गंमत अशी की एवढे लांब उडत गेलेले ग्लायडर परत मात्र रस्त्यानेच आणावे लागते. कुठल्यातरी शेतात उतरायचे, शेतकऱ्याची समजूत काढायची, पंख उतरवायचे आणि ट्रेलरची वाट बघायची, हा या खेळाचा नेहमीचा भाग झाला. मग चटकन सुटणारे आणि चटकन जुळणारे सांधे हवे झाले.

किती सांधे? वैमानिकाच्या हाताची हालचाल पंख-शेपटापर्यंत नेणारे दांडे असतात. विमान डावी-उजवीकडे झुकवणाऱ्या, पंखांच्या टोकांजवळच्या हलत्या पट्ट्या म्हणजे एलेरॉन, त्यांचे दांडे डावीकडे एक, उजवीकडे एक. पंखातून वर उघडून ग्लायडर खाली आणणाऱ्या एअरब्रेकचे दोन. पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप, म्हणजे वाकणाऱ्या पट्ट्या, असतील तर आणखी दोन. नाक वर-खाली करणाऱ्या, शेपटाकडच्या एलेव्हेटरचा एक. जुन्या लाकडी ग्लायडरमध्ये हे दांडे बोल्ट-नटाने जोडून वर सेफ्टी पिन लावत. काम वेळखाऊ, थंडीत बोटे बधिर होणार, नट गवतात हरवणार. पण बोल्ट आहे की नाही हे डोळ्यांना दिसत होते.

१९५७ मध्ये श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी घडवलेले ‘फीनिक्स’ उडाले आणि फायबरग्लासचे युग सुरू झाले. गुळगुळीत, निमुळत्या ग्लायडरांत हात घालायला जागा कमी होती, आणि तिथे ‘लोतेलिए’ ही फ्रेंच जोड रूढ झाली. एका दांड्याच्या टोकाला छोटासा गोळा, दुसऱ्याच्या टोकाला वाटी. वाटीच्या बाजूची स्प्रिंगवाली पाचर अंगठ्याने दाबून धरायची, गोळा आत बसवायचा आणि पाचर सोडायची, की गोळा अडकला. हत्यार लागत नाही, काम सेकंदाचे.

आता ते काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहा. पंखामागे, ग्लायडरच्या पाठीवर, एक छोटी खिडकी असते. तिच्यातून हात कोपरापर्यंत आत जातो, पण हात आत गेला की डोळ्यांना काही दिसत नाही. मग बोटांनीच अंदाज घ्यायचा. गोळा वाटीच्या तोंडाशी टेकला तरी बोटांना तो बसल्यासारखा वाटतो. पाचर अर्धवट सरकलेली असली तरी दांडा हलतो, वैमानिकाच्या हातातली स्टिक हलवली की एलेरॉनही हलतो. जमिनीवर सगळे ठाकठीक. हवेत पंखावर भार आला की गोळा निसटतो.

यावर उपाय तसा साधा होता. पाचर पूर्ण बसली की तिच्यातले बारीक छिद्र उघडे पडते. त्यात पिन गेली तर जोड पक्की, जात नसेल तर नाही. पुढे पाचर मागे सरकूच नये म्हणून जोडावर बसणारे वेडेकिंड स्लीव्हही आले. तरी पिन लावायला विसरणारे हात विसरतच राहिले, कारण चूक बहुतेक वेळा अज्ञानातून होत नाही. डावी बाजू जोडून झाली, तेवढ्यात कोणी हाक मारली, ट्रेलर हलवायला गेलो, परत आलो तेव्हा मनात ‘झाले’ अशी नोंद होती. माझ्या मते या विषयातला सगळ्यात घातक क्षण तोच. म्हणूनच जोडणी एकाच माणसाच्या जबाबदारीवर असावी आणि जोडणी चालू असताना त्याच्याशी गप्पा मारू नयेत, असे ब्रिटिश क्लबांत शिकवतात. शेजारी उभे राहून मदत करू पाहणाऱ्या उत्साही मंडळींना ते जरा लागते, पण इलाज नाही.

तपासणीची शिस्त मात्र मोठ्या विमानांच्या अपघातांतूनही घडत गेली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळ बोइंगचे मॉडेल २९९ हे चार इंजिनांचे विमान उडताच कोसळले. वाऱ्याने कंट्रोल हलू नयेत म्हणून लावलेले कुलूप तसेच राहिले होते. उड्डाणापूर्वीच्या लेखी चेकलिस्टची प्रथा या अपघातानंतर रुजली. २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्डला अॅव्ह्रो ट्यूडरचा नमुना पडला. त्याचे एलेरॉन उलटे जोडले गेले होते: वैमानिक डावीकडे वळवायला जावे आणि विमान उजवीकडे झुकावे. त्यात लँकेस्टर बॉम्बरचे रचनाकार रॉय चॅडविक गेले. स्टिक मोकळी हलते एवढे बघणे पुरेसे नाही, कोणता एलेरॉन वर जातो तेही बघायला हवे, हे त्यातून कळते.

ग्लायडरवाल्यांनी त्यात आपली भर घातली ती भाराच्या तपासणीची. एक जण कॉकपिटमध्ये बसतो. दुसरा बाहेर एलेरॉन दोन्ही तळव्यांत घट्ट धरतो. आतला स्टिक डावीकडे रेटतो, बाहेरचा हलू देत नाही. मग उजवीकडे. एलेव्हेटरचेही तसेच. अर्धवट बसलेला गोळा याच वेळी निसटतो, आणि निसटला तर चांगलेच, कारण चाक अजून गवतावर असते.

एक एलेरॉन सुटला तर उरलेल्या एलेरॉनवर आणि रडरवर, म्हणजे शेपटाच्या उभ्या सुकाणूवर, कदाचित निभावते. एका बाजूचा एअरब्रेक जोडायचा राहिला तर पंखावरच्या हवेच्या ओढीने तो आपोआप उघडतो आणि ग्लायडर त्या बाजूला खेचले जाते. एलेव्हेटरचे तसे नाही. विंच, म्हणजे जमिनीवरून दोर गुंडाळत ग्लायडर उडवणारे यंत्र, ग्लायडरला अर्ध्या-पाऊण मिनिटात कित्येकशे फूट वर खेचते, नाक आभाळाकडे करून. एलेव्हेटर जोडायचा राहिला असेल तर विचार करायलाही वेळ उरत नाही.

पुणेकरांना विंच परिचयाची आहे ती हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमुळे. नागरी हवाई खात्याने घडवलेल्या भारतीय ग्लायडरांची नावे तर आपल्या पंचांगातलीच: अश्विनी, भरणी, रोहिणी, मृगशीर. शिकवणीची ग्लायडर हँगरमध्ये जोडलेलीच उभी राहत असल्याने जोडणीचा धोका तिथे रोजचा नसतो. तो येतो दुरुस्तीनंतर, म्हणजे ज्या दिवशी रोजच्या सवयी मोडलेल्या असतात नेमका त्याच दिवशी.

अलीकडच्या ग्लायडरांत पंख ढकलला की दांडे आपोआप जुळतात, टेलप्लेन, म्हणजे शेपटाचा आडवा पंख, खाली बसवला की एलेव्हेटर जुळतो. खिडकीतून हात घालायची गरज उरलेली नाही. पण फायबरग्लास कुजत नाही, त्यामुळे १९७० च्या दशकातली ग्लायडर आजही धडधाकट आहेत आणि हातोहात विकली जातात. आपोआप जुळणाऱ्या ग्लायडरवर शिकलेला माणूस कधीतरी असे जुने, स्वस्त ग्लायडर घेतो. तो पंख ढकलतो, पंख धरून ठेवणारी मुख्य पिन घालतो, फटींवर चिकटपट्टी लावतो. पाठीवरची ती छोटी खिडकीही त्या पट्टीखाली जाते.