‘मोफत नाणे, फक्त टपालखर्च भरा’ : होकार देण्यापूर्वी
(आमच्या पेढीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पोर्तुगीज काळातील चांदीचे नाणे मोफत मिळेल, केवळ टपालखर्च भरा, अशी जाहिरात मोबाइलवर दाखवून ती खरी आहे का, असे आमचे ग्राहक अलीकडे वारंवार विचारतात. प्रत्येकाला काउंटरवर तेच उत्तर देण्यापेक्षा ते एकदा लिहून द्यावे, म्हणून हे पत्रक काढले आहे. आम्ही स्वतः नाणी विकतो, त्यामुळे या बाबतीत आमचा स्वार्थ आहे असे कोणी म्हटले तर ते चूक नाही. म्हणूनच आमच्या शब्दापेक्षा आपण तराजूवर विश्वास ठेवावा.

1881 आणि 1882 या सालांचा, पोर्तुगालचा राजा लुईस पहिला याची मुद्रा असलेला गोव्याचा रुपिया ब्रिटिश हिंदुस्थानातील रुपयाच्याच तोलाचा आहे. त्याचे वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने एक तोळा, असून त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक चांदी आहे. संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे काहीच मोल धरले नाही, तरी नुसत्या चांदीचीच किंमत टपालखर्चाच्या कितीतरी पट होते, आणि असा जिन्नस अनोळखी माणसांना वाटत बसणारा व्यापारी आम्ही तरी पाहिलेला नाही. याउलट 1958 आणि 1959 सालच्या एस्कुदोच्या (रुपियानंतर आलेल्या पोर्तुगीज चलनाच्या) नाण्यांत चांदी नाही, गोव्यातील जुन्या घरांच्या पेट्यांत ती आजही निघतात आणि त्यांची किंमत बेताची असते. असे एखादे नाणे विक्रेत्याने ओळख वाढावी म्हणून भेट दिले, तर त्यात लबाडी असेलच असे नाही.

खरी मेख नाण्यात नसून ‘टपालखर्च’ भरण्याच्या पानावर असते. तेथे कार्डाचा तपशील भरताना किंवा यूपीआय पिन टाकताना, बारीक अक्षरांतील एखाद्या ओळीने दरमहा एक नाणे घेण्यास आणि त्याचे पैसे खात्यातून आपोआप वळते होण्यास आपण संमती देऊन बसतो. अशा सापळ्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 साली मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. परंतु नियम तक्रारीच्या वेळी उपयोगी पडतो, पान उघडलेले असताना आपले डोळेच उपयोगी पडतात. स्वयंचलित वसुलीपूर्वी बँकेकडून येणारा संदेश न वाचता पुसू नये, आणि यूपीआय अॅपमधील ‘ऑटोपे’ची यादी अधूनमधून उघडून पाहावी. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरा प्रकार पार्सलचा आहे. मुले आखातात किंवा बोटीवर आणि घरी फक्त वडीलधारी मंडळी, अशा घरी ‘तुमच्या मुलानेच मागवले आहे’ असे सांगून पार्सल दिले जाते व पैसे घेतले जातात. मुलाला फोन करून खात्री झाल्याखेरीज असे पार्सल सोडवून घेऊ नये. डिलिव्हरीवाला ताटकळला तरी चालेल.

काही ठिकाणी फुकटचे नाणे हे केवळ आमिष असते: आधी नाणे पाठवतात, मग ते लाखो रुपयांना विकून देतो असे सांगून नोंदणी शुल्क, कर, कमिशन मागतात आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाचे पत्रही दाखवतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केले आहे की, जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही, त्यासाठी आपण शुल्क घेत नाही आणि ते घेण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही. वैष्णोदेवीचे चित्र असलेली 2012 सालची 5 आणि 10 रुपयांची नाणी लाखो रुपयांना जातात, ही अफवाही याच पठडीतली आहे.

नाणे आधीच हाती आले असेल, तर चुंबक लावून पाहावा. चिकटले तर ते चांदीचे नाही. न चिकटले तर मात्र एवढ्यावरून चांदीचे ठरत नाही, कारण तांबे आणि पितळही चिकटत नाही. पैसे गेले असतील, तर लाजेने वेळ न दवडता 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे आणि आपल्या बँकेलाही सांगावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

आमच्या पेढीवर नाण्याचे वजन व व्यास मोजून सांगितले जातात, त्याचे शुल्क नाही. येताना नाण्यासोबत पाकीट, बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणावा, आणि नाणे घासूनपुसून लखलखीत करून आणू नये.