तुमच्या डोक्यातलं यंत्र, आमच्या लेथवर

स्वयंपाकघरातलं एखादं किचकट काम वर्षानुवर्षं करणाऱ्यालाच त्याचं यंत्र सुचतं. नागपुरात हिंगणा रोडवरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये असे ग्राहक नेहमी येतात. कुणाला सांबारवडीची घडी घालणारा साचा हवा असतो, कुणाला संत्र्याच्या फोडीतल्या बिया काढणारा चिमटा. वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून आणतात आणि पहिला प्रश्न असतो, ‘साच्याला खर्च किती?’ प्लास्टिकचे भाग ओतायचा लहानसा साचाही लाखाच्या घरात जातो. म्हणून आमचं सांगणं असं, की त्या प्रश्नाला अजून वेळ आहे. आधी कच्चा नमुना करू, तो तुमच्याच ओट्यावर चालवून बघू.

हे आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय. आमचं पहिलं घरगुती यंत्र सरगुंड्यांचं. उन्हाळ्यात आई पीठ भिजवायची, बोटांनी त्याची बारीक दोरी ओढत काडीवर गुंडाळायची आणि ते वेटोळं अलगद सरकवून सुपात वाळत घालायची. आमरसासोबत एक ताट संपायला पाच मिनिटं लागायची, करायला अख्खी दुपार. सत्तरी ओलांडल्यावर तिची बोटं दुखायला लागली, आणि पुतण्यानं सायकलचा स्पोक हातड्रिलला लावून दिला.

स्पोक फिरला, पण पीठ एकाच जागी एकावर एक चढून त्याचा गोळा झाला. हाताने करताना आई नकळत प्रत्येक फेऱ्याला दोरी थोडी पुढे सरकवत होती, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं. लेथवर आटे पाडताना नेमकं हेच होतं. जॉब, म्हणजे लेथवर फिरणारा तुकडा, एक फेरा फिरला की लीड स्क्रू हा आट्यांचा लांब दांडा हत्याराला ठरलेलं अंतर पुढे नेतो. आम्ही तसाच एक छोटा स्क्रू बसवला. दोरी ३ मिलिमीटर जाड, सरक ४ मिलिमीटर. वेटोळं एकसारखं पडायला लागलं.

मग दोरी तुटायला लागली. हँडल जोरात फिरवलं की काडी पीठ ओढते, पण दोरी सोडणाऱ्या सोऱ्यातून ते तेवढ्या वेगाने बाहेर येत नाही. आम्ही आठवडाभर गिअर बदलत बसलो, आणि आईने सांगितलं की पीठ अर्धा तास झाकून ठेवलेलंच नाही. भिजवलेल्या पिठाला विसावा मिळाला की त्यातलं ग्लुटेन सैल होतं, दोरी न तुटता लांबते. निम्मा दोष यंत्राचा नव्हताच. म्हणूनच नमुन्याच्या चाचणीला आम्ही तुम्हाला बोलावतो, आणि पीठही तुमच्या हातचंच घेतो.

तिसरी अडचण वेटोळं काडीवरून निघण्याची. काडी एका टोकाला किंचित निमुळती केली, वरून तांदळाची पिठी भुरभुरली, सुटलं.

आता धातूबद्दल, कारण इथे फसवणूक फार होते. पिठाला, रसाला, मिठाला लागणारा भाग आम्ही ३०४ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचाच करतो. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४, असं दुकानात सांगतात. तसं नसतं. स्वस्त २०२ लाही सहसा चुंबक चिकटत नाही, आणि ते आंबट-खारटात लवकर डागाळतं. तेव्हा आमच्याकडून पत्र्याच्या खरेदीचं बिल मागून घ्या. संत्र्याच्या किंवा चिंचेच्या कामाला अ‍ॅल्युमिनियम नको, आंबटाने ते झिजतं. पितळ हवंच असेल तर आतून कल्हई लागेल.

थ्रीडी प्रिंटचा नमुना आम्ही करून देतो, पण आकार आणि पकड बघण्यापुरताच. त्याच्या थरांमधल्या बारीक फटींत पीठ अडकतं, धुऊन निघत नाही. शिवाय त्यात नेहमी वापरलं जाणारं पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो, बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. आमच्या सरगुंडे यंत्राची पहिली जाळी सीताबर्डीला गाडीत दोन तास राहिली आणि वाकडी होऊन घरी आली.

नमुना चालला की लगेच शंभर नग करू नका. चार-पाच घरांत आठवडाभर ठेवायला द्या, आणि कसं चालवायचं ते सांगू नका. फक्त बघा. आमचं हँडल उजवीकडे होतं. एका घरातल्या काकू डावखुऱ्या निघाल्या, त्यांनी यंत्र उलटं ठेवून चालवलं आणि स्क्रू सैल झाला. आता हँडल दोन्ही बाजूंना लागतं. आठवडा संपल्यावर ‘आवडलं का?’ असं विचारू नका, आपल्याकडे समोरच्याला कुणी नाही म्हणत नाही. यंत्र परत मागा. जी बाई ‘अजून दोन दिवस राहू द्या’ म्हणेल, ती तुमची खरी ग्राहक.

जाहिरातीबद्दल कळकळीची एक विनंती. पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत यंत्राचा व्हिडिओ कुठेही टाकू नका, सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा नको. यंत्राची रचना आधीच उघड झाली तर पेटंटसाठी लागणारं नावीन्य हातचं जाऊ शकतं. व्यक्तीला प्राथमिक अर्जाची ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण तपशिलाचा अर्ज त्यानंतर १२ महिन्यांच्या आत द्यावा लागतो. मिळालं तर पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचं. नुसती जुनी दोन यंत्रं शेजारी जोडली आणि दोन्ही आपापलं काम वेगवेगळं करत राहिली, तर कायदा त्याला शोध मानत नाही. फक्त आकार-रूप वेगळं असेल तर डिझाइनची नोंदणी करा, ती १० वर्षांची असते आणि पुढे ५ वर्षं वाढते. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय संस्था आपल्याच सिव्हिल लाईन्समध्ये आहे, तिचा लाभ जरूर घ्या.

अर्ज झाला की मग मनसोक्त दाखवा. असलं यंत्र वर्णनाने विकलं जात नाही, चालताना बघूनच विकलं जातं. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पुरे: हात, पीठ, फिरणारी काडी, शेवटी ताटातली सरगुंडी. बचत गटांच्या प्रदर्शनात टेबल घ्याल तर तयार माल मांडून बसू नका, येणाऱ्या बाईच्या हातात हँडल द्या. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, नगांची संख्या, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीचा नंबर छापावा लागतो, तो मजकूर आम्ही बसवून देतो. विजेवर चालणारं यंत्र असेल तर सुरक्षेच्या आयएस ३०२ मानकाचं बघावं लागेल. त्यामुळे जमेल तिथे आम्ही हाताचंच सुचवतो.

पहिली बैठक मोफत. कच्च्या नमुन्याचे ३,५०० रुपये, त्यात दोन दुरुस्त्या धरलेल्या आहेत. चित्र, मापं आणि कल्पना तुमचीच राहते, तसं आम्ही पहिल्याच दिवशी लिहून देतो. यंत्र उन्हाळी वाळवणाचं असेल तर दिवाळी झाली की लगेच या. नमुना, घरोघरची चाचणी आणि दुरुस्ती यांत चार महिने सहज जातात, आणि अक्षय तृतीयेपर्यंत यंत्र ओट्यावर हवं. येताना चित्र नसलं तरी चालेल, पीठ मात्र भिजवून आणा.