रंग आला आणि मन्स्टर गेले

दारात उभी राहून घरची बाई एकेकाच्या हातात डबा-पिशवी देते, निरोप घेते आणि मंडळी कामाला-शाळेला निघतात. अमेरिकेतल्या ‘द डॉना रीड शो’ या सोज्ज्वळ घरगुती मालिकेची सुरुवात अशी व्हायची. २४ सप्टेंबर १९६४ रोजी सीबीएस वाहिनीवर ‘द मन्स्टर्स’ ही राक्षसांच्या कुटुंबाची विनोदी मालिका सुरू झाली, तेव्हा तिच्या शीर्षकदृश्यातही हेच होतं. फक्त इथे निरोप देणारी बाई व्हॅम्पायर होती आणि नवऱ्याच्या मानेतून बोल्ट बाहेर आले होते. मालिकेचे ७० भाग झाले आणि १२ मे १९६६ ला ती संपली. म्हणजे पुरती दोन वर्षंही नाहीत.

या घराण्याचं मूळ १९३१ सालात आहे. त्या वर्षी युनिव्हर्सल स्टुडिओचे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे भयपट आले. फ्रँकेन्स्टाइनची कादंबरी १८१८ची, त्यामुळे ती कुणीही वापरावी. पण सपाट कपाळ, जड पापण्या आणि मानेतले बोल्ट हा चेहरा जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफसाठी घडवला होता आणि त्याची मालकी युनिव्हर्सलकडे होती. १९५७ मध्ये ब्रिटनच्या हॅमर कंपनीने फ्रँकेन्स्टाइनवर चित्रपट काढला, तेव्हा तिला राक्षसाचं थोबाड मुद्दाम वेगळं करावं लागलं. ‘द मन्स्टर्स’ काढणाऱ्या युनिव्हर्सलला मात्र तो चेहरा आपल्याच कपाटातून काढायचा होता.

त्या कपाटाचं दार १९५७ मध्येच उघडलं. युनिव्हर्सलच्या जुन्या भयपटांचा ५२ चित्रपटांचा गठ्ठा ‘शॉक थिएटर’ नावाने स्थानिक टीव्ही केंद्रांना विकला गेला. आईबापांना ज्यांनी घाम फोडला होता ती भुतं आता रात्री उशिरा पोरं घरबसल्या बघू लागली, आणि भूत रोज दिसायला लागलं की त्याची भीती ती किती राहणार! १९५८ मध्ये भयपटांना वाहिलेलं मासिक निघालं, पुढे राक्षसांची प्लास्टिकची जोडायची खेळणी आली, आणि १९६२ मध्ये ‘मॉन्स्टर मॅश’ हे गमतीचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६४ पर्यंत फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस शेजारच्या काकांइतका ओळखीचा झाला होता. त्याला संसाराला लावायचं तेवढं राहिलं होतं.

ही कल्पना ॲलन बर्न्स आणि ख्रिस हेवर्ड या लेखकांची. दोघेही व्यंगपटांच्या दुनियेतून आलेले. मालिकेची निर्मिती मात्र जो कॉनेली आणि बॉब मोशर यांच्याकडे गेली. याच दोघांनी ‘लीव्ह इट टू बीव्हर’ ही उपनगरातल्या आदर्श कुटुंबाची मालिका केली होती. ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. मन्स्टरांच्या घरात जाळी-जळमटं आहेत, जिन्याखाली आग ओकणारा प्राणी पाळलाय, तरी वाद होतात ते मुलाच्या शाळेचे नि बापाच्या नोकरीचे. हा बाप, हर्मन, कामाला जातो तो अंत्यविधी करणाऱ्या कंपनीत, एवढंच. घरात चारचौघींसारखी दिसणारी एकच, भाची मॅरिलिन. हर्मनला बघून तिचे मित्र पळून जातात आणि घरचे हळहळतात, बिचारी दिसायला अगदीच यथातथा, कसं होणार हिचं! सगळी मालिका या एका गैरसमजावर उभी आहे, आणि तो ७० भाग टिकला.

हर्मन झालेला फ्रेड ग्विन आणि आजोबा झालेला अल लुइस यांची जोडी आधीच्या एका पोलिसी विनोदी मालिकेतून जमलेली होती. हर्मनची बायको लिली झालेली इव्हॉन डी कार्लो ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये मोझेसची बायको होती. तिचा खऱ्या आयुष्यातला नवरा चित्रपटांत धाडसी प्रसंग करायचा. चित्रीकरणातल्या अपघातात त्याचा पाय गेला होता आणि घराला पैशांची गरज होती. आणखी एक गंमत म्हणजे लिलीचा बाप झालेला लुइस प्रत्यक्षात तिच्यापेक्षा काही महिन्यांनी लहान होता.

वाहिनीला दाखवायला आधी एक छोटा नमुना भाग केला होता, तो रंगीत. मालिका मात्र कृष्णधवल निघाली. त्यात खर्च वाचत होता हे खरंच, पण त्यामुळे ती १९३१च्या चित्रपटांच्या जातकुळीतली दिसायला लागली. ग्विनच्या तोंडाला फासलेला रंग पडद्यावर मढ्यासारखा करडा उतरायचा. धुकं, मेणबत्त्या, कोळिष्टकं, सगळ्यालाच त्या करड्या छटेने वजन आलं. पहिल्या वर्षी मालिका पहिल्या विसांत होती.

योगायोग असा, की सहाच दिवस आधी एबीसीवर ‘द ॲडम्स फॅमिली’ सुरू झाली होती. ‘वेन्सडे’ या मालिकेमुळे आपल्याकडच्या पोरांनाही आता ठाऊक झालेलं तेच हे कुटुंब. त्याचं कूळ निराळं. चार्ल्स ॲडम्स १९३८ पासून ‘द न्यू यॉर्कर’मध्ये काढत असलेल्या व्यंगचित्रांतून ते आलं. ॲडम्स मंडळी श्रीमंत, विक्षिप्त आणि जगाची फिकीर नसलेली. मन्स्टर कष्टकरी, ट्रान्सिल्व्हेनियाचे नाते सांगणारे आणि आपण चारचौघांसारखेच आहोत अशी खात्री असलेले. माझं मत विचाराल तर धार ॲडम्सांच्या विनोदाला, जीव मन्स्टरांच्या.

मरण मात्र दोघांना एकाच वसंतात आलं. १९६५च्या शरदात अमेरिकी वाहिन्या झपाट्याने रंगीत होत होत्या, आणि १९६६च्या शरदापर्यंत तिन्ही मोठ्या वाहिन्यांचा संध्याकाळचा कार्यक्रम पूर्ण रंगीत झाला. त्याच्या मधोमध, १२ जानेवारी १९६६ ला, एबीसीने ‘बॅटमन’ आणला. भडक पिवळा, जांभळा, लाल. तो बुधवारी आणि गुरुवारी साडेसातला लागायचा. मन्स्टरांची वेळही गुरुवारी साडेसातचीच. ज्या पोरांच्या जिवावर मालिका चालली होती ती पोरंच तिकडे गेली.

त्याच वर्षी ‘मन्स्टर, गो होम!’ हा चित्रपट आला, रंगीत. प्रेक्षकांना हर्मनचा हिरवा चेहरा पडद्यावर प्रथमच दिसला, आणि आजवर करड्या छटेने जे झाकलं होतं ते उघडं पडलं: रंगभूषा ही रंगभूषाच दिसू लागली.

मालिकेत १३१३ मॉकिंगबर्ड लेन असा पत्ता मिरवणारं ते घर युनिव्हर्सलच्या आवारातच होतं, आणि ते पाडलं नाही. जाळी झाडून, डागडुजी आणि रंगरंगोटी करून ते पुढे ‘डेस्परेट हाउसवाइव्ह्ज’ मालिकेतल्या टापटीप गल्लीतलं एक घर झालं.