हातानं केलेला विचार

टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे तुकडे नीट रचण्याचा संगणकावरचा खेळ, खेळणाऱ्याची बोटं जरा बारकाईनं पाहा. वरून तुकडा उतरू लागतो न लागतो, तोच ती त्याला फिरवू लागतात. एकदा, दोनदा, कधी गरजेपेक्षा जास्तच. तुकडा कुठं बसवायचा ते अजून ठरलेलंही नसतं. बघणाऱ्याला वाटतं, हा उगाच बटणं दाबतोय. डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ या संशोधकांनी 1994 मध्ये या 'उगाच'चा हिशेब मांडला. पडद्यावर तुकडा 90 अंशांत फिरवायला, बटण निवडण्याचा वेळ धरूनही, साधारण 300 मिलिसेकंद लागतात. तेच मनातल्या मनात फिरवायचं तर सुमारे 1000. त्यामुळे खेळाडू मनाला शिणवत बसत नाही. तो तुकडा फिरवतो, बघतो आणि मग ठरवतो. विचाराचा एक भाग त्यानं बोटांवर सोपवलेला असतो.

घरातल्या साध्या सुखांना आपण पटकन 'वेळ घालवणं' म्हणून मोकळे होतो, ते मला पटत नाही. निवांत रांधलेली भाजी काय किंवा संगणकावरचा एखादा छोटा डाव काय, दोन्हींत हात, डोळे, कान आणि जीभ विचारात सामील होतात आणि केल्याचं उत्तर लगेच समोर येतं. दिवसभराच्या कामांत हे सुख किती जणांच्या वाट्याला येतं?

कांदा परतणं घ्या. कच्च्या कांद्यात 90 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते आहे तोवर कांद्याचं तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसं वर जात नाही, कारण मिळालेली उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. एक ग्रॅम पाणी 20 अंशांवरून उकळीला आणायला 80 कॅलरी पुरतात. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला मात्र 540 लागतात. म्हणून कांदा बराच वेळ नुसता मऊ आणि पारदर्शक होत राहतो, नि घाईत असलेला माणूस वैतागतो. पाणी सरलं की मात्र चित्र भराभर पालटतं. साधारण 140 अंशांच्या पुढे कांद्यातली साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातल्या अभिक्रियेला वेग येतो. लुई-कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावानं ओळखली जाते. तांबूस रंग आणि तो खमंग वास हे बरंचसं तिचंच देणं.

हा बदल कढईत कानानंही कळतो. सुरुवातीचा जोरदार चुरचुराट म्हणजे पाण्याची झटपट होणारी वाफ. आवाज मंदावला की पाणी संपत आलंय आणि आता कढईपासून हलायचं नाही, हे हाताशी पळी असलेल्याला कुणी सांगावं लागत नाही. तळाला चिकटू लागलं तर चमचाभर पाणी घालायचं: तापमान खाली येतं आणि तळाशी धरलेला तपकिरी थर सुटून कांद्यात मिसळतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर अल्कधर्मी वातावरणात रंग लवकर चढतो, पण प्रमाण चुकलं की कांद्याचा लगदा होतो.

शितावरून भाताची परीक्षा करण्याची आपली रीत हीच. तिला एक अपवाद मात्र लक्षात ठेवायलाच हवा. राजम्याच्या कच्च्या दाण्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. मंद आचेवर, उकळी न येता शिजलेला दाणा बोटाला मऊ लागू शकतो आणि तरीही पोट बिघडवू शकतो. म्हणून राजमा निदान पाच तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावं आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळावा. इथं बोटावर विसंबून चालत नाही.

हाताच्या या उद्योगात गोडी कुठून येते? मेंदूचे अभ्यासक वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की अनपेक्षितपणे रस मिळाला की मेंदूतल्या डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात चेततात. ठरल्याप्रमाणे मिळाला तर त्याचं काही वाटत नाही, आणि अपेक्षा असून मिळाला नाही तर त्यांची हालचाल मंदावते. अंदाज आणि निकाल यांतला फरक त्या टिपत असतात. डोपामाइनला सरसकट 'आनंदाचं रसायन' म्हणतात ते म्हणूनच अपुरं आहे. आधी अंदाज करायचा नि मग चाखून बघायचं, हे घरच्या घरी सतत घडत असतं.

चूक झाल्यावर मात्र खेळ आणि स्वयंपाक या दोन्हींच्या वाटा वेगळ्या होतात. फ्रीसेल या संगणकावर एकट्यानं खेळायच्या पत्त्यांच्या खेळात सगळे पत्ते पहिल्यापासून उघडे असतात, त्यामुळे पुढं नशिबाला जागा नाही. विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये क्रमांक दिलेले 32,000 डाव होते. 1990च्या दशकात हौशी खेळाडूंनी ते आपसांत वाटून घेऊन एकेक सोडवले आणि शेवटी 11982 क्रमांकाचा एकच उरला. तो सुटतच नाही. बाकी कुठलाही डाव फसला तर तोच क्रमांक टाकून पहिल्यापासून मांडता येतो. करपलेल्या कांद्याला ती सोय नाही. मेयार अभिक्रियेतून तयार झालेली संयुगं पुन्हा साखर आणि अमिनो आम्लं होत नाहीत. तिथं कढई घासून नवा कांदा चिरायला घ्यावा लागतो.