पाखरं राखायला बसलेली माणसं

वेधशाळा म्हटलं की आपल्याला कुलाबा आठवतं आणि त्यांचा हुकलेला पावसाचा अंदाज. पण पक्ष्यांचीही वेधशाळा असते आणि तिला बहुतेक वेळा धड इमारतसुद्धा नसते, डोंगराचा एक कडा, दुर्बीण, वही, आणि ऊन खात बसलेला माणूस, एवढ्यावर भागतं.

कडाच का, तर गरुड, घारी, करकोचे हे जड पक्षी पंख मारत लांब जात नाहीत, परवडतच नाही त्यांना. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत गोल गोल फिरत उंची गाठायची आणि मग पुढे घसरत जायचं. दुपारी घारी अशाच फिरताना तुम्ही पाहिल्या असतील, एकदाही पंख हलत नाही. समुद्रावर अशी हवा नीट मिळत नाही म्हणून सगळे जमिनीच्या चिंचोळ्या वाटेनं किंवा डोंगराच्या धारेनं जातात. लाखो पक्षी, ठरलेले दिवस, ठरलेली वाट. बंदूकवाल्याला अजून काय पाहिजे!

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर नेमकं तेच चाललं होतं. 1929 मध्ये सरकारनंच गॉसहॉक नावाचा शिकारी पक्षी मारला की 5 डॉलर असं बक्षीस लावलं, आता उडताना कुठला ससाणा कुठला गॉसहॉक हे बघायला कोण थांबतंय, दिसेल तो पाडायचा. 1932 मध्ये रिचर्ड पाउ नावाचा तरुण तिथे गेला आणि त्यानं जमिनीवर मांडलेल्या मेलेल्या पक्ष्यांच्या रांगांचे फोटो काढले. ते न्यूयॉर्कच्या रोझली एज या बाईंच्या बघण्यात आले. बाई आधी स्त्रियांच्या मताधिकारासाठी भांडलेल्या, त्यामुळे अर्जविनंत्यांत किती वर्षं जातात हे त्यांना चांगलंच माहीत असणार. 1934 मध्ये त्यांनी सरळ तो डोंगरच भाड्यानं घेतला, जवळपास 1,400 एकर, आणि पुढे विकतही घेतला. राखणीला मॉरिस ब्राउन आणि त्यांची बायको अर्मा. त्या रस्त्यावर उभ्या राहून बंदूकवाल्यांना परत पाठवायच्या, हे वर कड्यावर बसून पक्षी मोजायचे. मला यातलं अर्मांचं काम जास्त अवघड वाटतं.

आपल्याकडे जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर बसून गोफण फिरवतात त्याला पाखरं राखणं म्हणतात, म्हणजे पाखरांपासून राखणं. इथे उलटं, खरोखर पाखरंच राखायची.

आणि ती मोजणी, जी तेव्हा नुसता छंद वाटली असेल, ती पुढे भलतीकडेच कामाला आली. ब्राउन यांच्या वह्यांत 1935 ते 39 या काळात दिसलेल्या बाल्ड ईगलपैकी, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकी गरुडांपैकी, सुमारे 40 टक्के पिल्लं, म्हणजे वर्षभराची, होती, 1955 ते 59 मध्ये 20 टक्केच. मोठे दिसतायत पण पिल्लं कमी. अमेरिकन लेखिका रेचल कार्सन यांनी डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धच्या 1962 च्या पुस्तकात हेच आकडे मांडले आणि 1972 मध्ये अमेरिकेत शेतीसाठी डीडीटी बंद झालं. आदल्या वर्षांची नोंदच नसती तर कमी झाले हे म्हणणार कशावरून?

नंतर ही पद्धत बऱ्याच ठिकाणी गेली. मेक्सिकोतलं व्हेराक्रुझ आहे, पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते जॉर्जिया देशातलं बातुमी. एकीकडे काळा समुद्र, दुसरीकडे कॉकेशसचे डोंगर, मधल्या पट्टीतून दर शरद ऋतूत दहा लाखांवर शिकारी पक्षी जातात, आपल्या मोहोळ घारीची युरोपातली बहीण त्यात भरपूर. 2008 पासून तिथे व्यवस्थित मोजणी सुरू आहे. पण बातुमीत डोंगर विकत घेऊन भागणारं नव्हतं, कारण शिकार करणारे गावातलेच, कुणी हौसेनं, कुणी खायला, आणि स्पॅरोहॉक हा छोटा शिकारी पक्षी पकडून त्याच्याकडून लावे धरायची तिथली परंपराच आहे. मग मोजायला आलेले लोक गावातच घराघरांत पैसे देऊन राहायला लागले. सकाळी नाश्ता करून दुर्बीण घेऊन टेकडीवर, संध्याकाळी जेवायला त्याच ओसरीवर, आणि ज्या घरी जेवायचं त्याच घरात कुणाकडे तरी बंदूकही असू शकते.